ट्रॅक्टर-ट्रॉलीचे वजन : भुईकाट्यावरील तीन तोल

शेतमालाची ने-आण करण्याचे जे काम पूर्वी बैलगाडी करीत असे, ते आता बहुतेक गावांतून ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्याकडे आले आहे. ऊस कारखान्यावर न्यावयाचा असो, कांदा लासलगावसारख्या बाजारपेठेत न्यावयाचा असो, वा तलावातील गाळ शेतात आणून टाकावयाचा असो, हौदा भरावयाचा आणि निघावयाचे अशी रीत पडली आहे. हौद्यात नेमके किती वजन पडले आहे, त्यांपैकी किती ट्रॅक्टरच्या हुकावर आले आहे आणि ट्रॅक्टरची पुढील चाके जमिनीवर किती भाराने टेकलेली आहेत, या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र फार थोड्या चालकांना देता येतात.

ही उत्तरे न मिळाल्यास काय होते, ते ऊस हंगामात रस्त्याने जाणाऱ्या कोणाही माणसास ठाऊक आहे. चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाते, उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलीत नेते, वळणावर जोडणी दुमडते, आणि घरचा कर्ता माणूस चाकाखाली सापडतो. यांतील पुष्कळ अपघातांना केवळ चालकाचा वेग कारणीभूत नसतो. निघण्यापूर्वीच हौद्यात चुकीचे वजन चुकीच्या जागी पडलेले असते.

सुदैवाने ही गोष्ट तपासण्याचे साधन दूर नाही. बाजार समितीच्या आवारात, जिनिंग कारखान्यापाशी, साखर कारखान्याच्या दाराशी, तसेच मोठ्या रस्त्यांच्या कडेला भुईकाटे असतात. थोडीशी तोलाई देऊन तेथे कोणासही आपले वाहन तोलून घेता येते. शेतकरी ह्या काट्यावर जातो तो मालाचे पैसे ठरविण्यासाठी. तोच काटा वाहनाची सुरक्षितता सांगण्यासही समर्थ आहे. मात्र त्यासाठी एक आकडा पुरत नाही, तीन घ्यावे लागतात. ते कसे घ्यावेत व त्यांचा अर्थ कसा लावावा, हे या पाठात दिले आहे.

डोळ्यांचा अंदाज का चुकतो

हौदा काठोकाठ भरला म्हणजे ठराविक वजन झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. १० फूट लांब, ६ फूट रुंद व २ फूट उंच असा हौदा घेतला, तर त्यात १२० घनफूट, म्हणजे सुमारे ३.४ घनमीटर माल मावतो. तो काठापर्यंत गव्हाने भरला तर वजन सुमारे अडीच टन होते. कांद्याने भरला तर दोन टनांच्या आसपास राहते. तोच हौदा तलावातील ओल्या गाळाने भरला तर वजन पाच टनांच्या वर जाते आणि ओल्या वाळूने भरला तर सहा टनांच्या घरात पोहोचते. हौदा तोच, उंची तीच, परंतु वजनात दुपटी-तिपटीचा फरक! २०१७ साली सुरू झालेल्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेमुळे अनेक गावांत ट्रॉल्या गाळ वाहू लागल्या. अशा कामावर तर डोळ्यांच्या अंदाजावर मुळीच विसंबू नये.

उसाची गोष्ट याहून वेगळी आहे. तो हौद्याच्या काठावर थांबत नाही, खुंट लावून वर रचला जातो. त्यामुळे वजन किती झाले हे हौद्यावरून कळत नाही, आणि ते पुढे झुकले की मागे, हेही खालून पाहणाऱ्यास दिसत नाही.

बैलगाडीने शिकविलेला धडा

दोन चाकांची गाडी कशी भरावी, हे जुन्या गाडीवानाला सांगावे लागत नसे. माल मागे अधिक झाला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचे गळे आवळतात. माल पुढे अधिक झाला तर सारे ओझे बैलांच्या मानेवर येते आणि ते चढावर बसतात. म्हणून गाडीवान जू हाताने उचलून पाही, आणि मानेवर थोडेसे ओझे राहील अशा बेताने माल सरकवून घेई.

दोन चाकी ट्रॉलीचे तत्त्व हेच आहे. बैलांच्या मानेच्या जागी ट्रॅक्टरचा हूक आला, इतकाच फरक. परंतु बैल आपले दुःख चालण्यातून दाखवितो, ट्रॅक्टर दाखवीत नाही. भरलेल्या ट्रॉलीची दांडी हाताने उचलून पाहणेही आता शक्य नाही. ते काम भुईकाट्याकडून करून घ्यावयाचे आहे.

चार चाकी ट्रॉलीची रचना निराळी असते. तिच्या पुढील चाकांची जोडी फिरत्या चकतीवर असते व दांडी खाली-वर हलू शकते. त्यामुळे जवळजवळ सर्व वजन तिच्या स्वतःच्या चाकांवर राहते आणि हुकावर फार थोडे येते. तेथे तोंड उचलले जाण्याचे भय कमी, पण मागून ढकलले जाण्याचे भय अधिक असते. त्याचा विचार पुढे केला आहे.

काट्यावर जाण्यापूर्वी

१. ट्रॅक्टरचे मूळ वजन आधी घेऊन ठेवावे. ट्रॉली न जोडता, चालक बसलेला असताना, प्रथम फक्त पुढील चाके काट्यावर घेऊन एक आकडा व नंतर पूर्ण ट्रॅक्टर घेऊन दुसरा आकडा टिपावा. हे काम एकदाच करावयाचे आहे. पुढे वजनाचे ठोकळे बसविले किंवा मागील टायरांत पाणी भरले, तर मात्र ते पुन्हा करावे. मागील टायर मोठे असतात व एकेका टायरात दीडशे ते दोनशे लिटर पाणी मावते, ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

२. भरलेली दोन चाकी ट्रॉली काट्यापाशी सोडण्याचा खटाटोप करू नये. दांडी एकदम खाली आपटते वा वर उसळते आणि माणूस जायबंदी होतो. पुढे दिलेल्या रीतीत ती सोडण्याची गरज पडत नाही.

३. चाकांना लागलेला चिखल काढावा. डिझेलची पातळी टिपावी. डिझेलचे वजन लिटरला सुमारे ०.८३ किलो असते, म्हणजे ४० लिटर डिझेल सुमारे ३३ किलो भरते.

४. काटा शक्यतो असा निवडावा की ज्याच्या दोन्ही बाजूंची जमीन काट्याच्या फळीशी समपातळीत आहे. जमिनीवर उंच बांधलेल्या काट्यास उताराची चढण असते. ट्रॅक्टर वर आणि ट्रॉली उतारावर अशी स्थिती झाली, तर हुकावरील भाराचा आकडा खरा येत नाही.

तीन तोल घेण्याची रीत

भरलेली ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर काट्यावरून सावकाश पुढे न्यावयाचा व तीन ठिकाणी थांबवावयाचा. एकाच फेरीत तिन्ही आकडे मिळतात. तोलारास आधी सांगून ठेवावे, म्हणजे मागे वाहनांची रांग असली तरी खोळंबा होत नाही.

पहिला तोल : ट्रॅक्टरची फक्त पुढील चाके काट्यावर आली की थांबावे. हा पुढील चाकांवरील भार होय.

दुसरा तोल : ट्रॅक्टरची चारही चाके काट्यावर यावीत आणि ट्रॉलीची चाके काट्याच्या बाहेर राहावीत. हा ट्रॅक्टरच्या चाकांवर आलेला एकूण भार होय. यात ट्रॅक्टरचे वजन व हुकावर टेकलेले ट्रॉलीचे ओझे, अशी दोन्ही मिळून येतात.

तिसरा तोल : ट्रॅक्टर व ट्रॉली दोन्ही पूर्णपणे काट्यावर घ्यावीत. हे सबंध जोडणीचे वजन होय.

प्रत्येक वेळी काही पथ्ये पाळावीत. वाहन काट्यावर येण्यापूर्वी पडद्यावर शून्य आहे, याची खात्री करावी. थांबल्यावर गिअर मोकळा करावा, इंजिन बंद करावे आणि ब्रेक सोडावा. ब्रेक दाबून धरला तर दांडीत ताण राहतो व दुसऱ्या तोलाचा आकडा बिघडतो. वाहन आपोआप सरकू लागले, तर जागा समपातळीत नाही असे समजावे. चाके काट्याच्या कडेला अर्धवट टेकलेली नसावीत. चालक बसलेला ठेवावयाचा असेल तर तिन्ही वेळा बसलेला असावा. हौद्यावर मजूर बसलेले नसावेत. आकडा स्थिर झाल्यावरच तो लिहून घ्यावा.

आकड्यांचा अर्थ

या तीन आकड्यांवरून व ट्रॅक्टरच्या मूळ वजनावरून तीन गोष्टी काढावयाच्या असतात.

दुसऱ्या तोलातून ट्रॅक्टरचे मूळ वजन वजा केले की हुकावरील भार मिळतो.

तिसऱ्या तोलातून दुसरा वजा केला की ट्रॉलीच्या चाकांवरील भार मिळतो.

तिसऱ्या तोलातून ट्रॅक्टरचे मूळ वजन वजा केले की भरलेल्या ट्रॉलीचे एकूण वजन मिळते.

उदाहरणासाठी असा ट्रॅक्टर घेऊ की ज्याचे चालकासह मूळ वजन २,१५० किलो आहे. त्यांपैकी ८५० किलो पुढील चाकांवर व १,३०० किलो मागील चाकांवर आहे. त्यास दोन चाकी ट्रॉली जोडली आहे. रिकाम्या ट्रॉलीचे वजन १,३०० किलो व मालाचे ४,७०० किलो, म्हणजे भरलेली ट्रॉली ६,००० किलो झाली. हूक व ट्रॉलीची चाके यांत ३.२ मीटर अंतर आहे. आता हाच माल तीन प्रकारे भरला, तर काटा काय सांगेल ते पाहावे.

पहिला प्रकार, माल बेताने पुढे झुकलेला :
पुढील चाके ५८० किलो. ट्रॅक्टरपुरता तोल २,९०० किलो. सबंध वजन ८,१५० किलो.
हुकावरील भार ७५० किलो. ट्रॉलीच्या चाकांवर ५,२५० किलो.

दुसरा प्रकार, माल फार पुढे :
पुढील चाके ४२० किलो. ट्रॅक्टरपुरता तोल ३,३५० किलो. सबंध वजन ८,१५० किलो.
हुकावरील भार १,२०० किलो. ट्रॉलीच्या चाकांवर ४,८०० किलो.

तिसरा प्रकार, ट्रॉली उलाळ :
पुढील चाके ८९० किलो. ट्रॅक्टरपुरता तोल २,०५० किलो. सबंध वजन ८,१५० किलो.
हुकावर भार नाही, उलट १०० किलोची उचल. ट्रॉलीच्या चाकांवर ६,१०० किलो.

सबंध वजन तिन्ही प्रकारांत एकच आहे. जो शेतकरी केवळ तिसरा तोल घेऊन पावती खिशात घालतो, त्यास या तीन ट्रॉल्यांतील फरक कधीच कळणार नाही. रस्त्यावर मात्र त्या तीन निरनिराळ्या वाहनांप्रमाणे वागतात.

ट्रॅक्टरचे पुढील चाक वळते ते जमिनीवरील दाबामुळे. ट्रॅक्टरच्या मूळ वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढील चाकांवर राहावा, असा दंडक युरोपातील देशांत पाळला जातो व तो आपल्याकडेही उपयोगी आहे. २,१५० किलोचा पाचवा हिस्सा ४३० किलो होतो. पहिल्या प्रकारात ५८० किलो आहेत, म्हणजे पुरेशी शिल्लक आहे. दुसऱ्या प्रकारात ४२० किलोच उरले आहेत, तेही सपाट जागी व वाहन उभे असताना. चढावर ओढ लागली की हुकावरील ताणामुळे पुढील चाके आणखी हलकी होतात. चालक चाक फिरवितो, परंतु ट्रॅक्टर सरळच जातो. खड्ड्यात हिसका बसला तर तोंड उचलले जाते.

तिसऱ्या प्रकारात भीती दुसरी आहे. मागील चाकांवर मूळचे १,३०० किलो होते, ते १,१६० किलोवर आले. पकड व ब्रेक यांचा सर्व आधार या चाकांवरच असतो. ओल्या रस्त्यावर ती घसरतात आणि मागून सहा टनांची ट्रॉली ट्रॅक्टरला आडवे करते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाण्यास सर्व माल सरासरीने केवळ १ फूट पुढे सरकणे पुरेसे आहे. आणि २ फूट मागे सरकला तर ट्रॉली उलाळ होते. उसाच्या मोळ्या रचताना एवढा फरक सहज पडतो व तो डोळ्यांना दिसत नाही.

उतार व ब्रेक यांचा हिशेब

आपल्याकडील पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. सबंध जोडणी थांबविण्याचे काम एकट्या ट्रॅक्टरला करावे लागते. वरील उदाहरणात ८,१५० किलोची जोडणी २,१५० किलोच्या ट्रॅक्टरच्या ब्रेकवर थांबवावयाची आहे. वजनाचे हे प्रमाण जवळजवळ पावणेचार पट आहे. ब्रेकची ताकद तीच धरली, तर थांबण्यास लागणारे अंतरही त्याच प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला तर ते अंतर आणखी चौपट होते.

उताराचा हिशेब सोपा आहे. २० मीटर चालले असता १ मीटर खाली उतरावे लागते, अशा उतारावर प्रत्येक टन वजन सुमारे ५० किलो जोराने पुढे ढकलते. ६ टनांची ट्रॉली ३०० किलो जोर लावते. आता समजा, एका ट्रॅक्टरमागे प्रत्येकी ८ टन भरलेल्या दोन चार चाकी ट्रॉल्या जोडल्या आहेत. त्याच उतारावर मागून ८०० किलोचा रेटा येतो. हुकावर भार नसल्याने ट्रॅक्टरच्या चाकांची पकड मात्र काडीमात्र वाढलेली नसते. अशी जोडणी सपाट रस्त्यावर निमूटपणे चालते. इंजिन ती ओढू शकते, म्हणून चालकास ती योग्य वाटते. परंतु ओढता येणे आणि थांबविता येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. काटा या दुसऱ्या गोष्टीचा हिशेब करून देतो.

तोलानंतर काय करावे

आकडे काढून स्वस्थ बसल्यास तोलाईचे पैसे वाया जातात. तोलानंतर पुढीलप्रमाणे दुरुस्ती करावी.

हुकावरील भार फार असल्यास माल मागे घ्यावा, उलाळ असल्यास पुढे घ्यावा. ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत हुकावर चालणारा कमाल भार दिलेला असतो, त्याच्या आत राहावे. टायरांच्या बाजूवर व पुस्तिकेत दिलेल्या भाराशी चाकांवरील भार ताडून पाहावा व त्याप्रमाणे हवा ठेवावी.

पुढील चाके हलकी होत असल्यास समोर ठोकळे बसविता येतात. परंतु ठोकळ्यांनी वळण सुधारते, थांबण्याची ताकद वाढत नाही. म्हणून जादा माल भरण्यासाठी ठोकळ्यांचा आधार घेऊ नये. ट्रॉली नेहमी ठरलेल्या खालच्या हुकालाच जोडावी. ओढ जितकी वरून लागेल, तितके तोंड लवकर उचलले जाते.

सबंध वजन फार होत असल्यास एक खेप वाढवावी, दुसरा इलाज नाही. नवीन ट्रॉली घेताना ब्रेक असलेली घ्यावी. रस्त्यावर चालताना ट्रॅक्टरची दोन्ही ब्रेक-पेडल्स एकमेकांस जोडलेली असावीत. उतारास लागण्यापूर्वी खालचा गिअर घ्यावा व गिअर मोकळा करून उतरू नये.

काट्याची एक मर्यादाही जाणून असावी. काटा वजन सांगतो, उंची सांगत नाही. वजन हिशेबात बसले तरी ऊस फार उंच रचला असेल, तर वळणावर ट्रॉली कलंडण्याचा धोका कायम राहतो.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११३ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या भारित वजनापेक्षा अधिक वजन वाहून नेता येत नाही. वजनाविषयी संशय आल्यास अधिकृत अधिकारी कलम ११४ खाली वाहन काट्यावर नेण्यास फर्मावू शकतो. असा काटा पुढील मार्गापासून १० किलोमीटरच्या किंवा पोहोचण्याच्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत असावा लागतो. २०१९ साली सुधारलेल्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड ठेविला आहे. जादा माल उतरविण्याचा खर्चही वाहनधारकावरच पडतो. एका खेपेत वाचविलेले भाडे या दंडापुढे अगदीच क्षुल्लक ठरते.

मालाचे पैसे व काट्याचा खरेपणा

हीच काळजी मालाच्या वजनासही लागू पडते. विक्रीसाठी तोलताना सबंध वाहन एकाच वेळी काट्यावर मावले पाहिजे. चाकांच्या जोड्या वेगवेगळ्या तोलून बेरीज करण्याची रीत सुरक्षिततेच्या तपासणीस चालते, पैशांच्या व्यवहारास चालत नाही. दोन ट्रॉल्यांची जोडणी काट्यावर मावत नसल्यास सपाट जागी चाकांस दगड लावून व दांडीस आधार देऊन त्या सुट्या कराव्यात आणि एकेक तोलावी.

भरलेल्या व रिकाम्या वाहनाचे तोल एकाच काट्यावर, त्याच दिवशी, त्याच ट्रॉलीसह घ्यावेत. दोन तोलांच्या मध्ये डिझेल भरू नये. रिकामे वाहन जितके जड भरेल, तितका माल कमी दिसतो व तोटा शेतकऱ्याचा होतो. हौद्यात राहिलेली माती, पाण्याची टाकी, रिकाम्या तोलाच्या वेळी चढून बसलेला मजूर, या सर्वांचे वजन मालातूनच वजा होते.

दोन काट्यांच्या पावत्या जुळल्या नाहीत, की काटामारीचा संशय येतो. संशयापूर्वी थोडा हिशेब करावा. १० किलोच्या टप्प्याने आकडा दाखविणाऱ्या काट्यास वापरात असताना ५ टनांपर्यंत १० किलो, ५ ते २० टनांपर्यंत २० किलो व त्यापुढे ३० किलो इतकी चूक अधिक वा उणी क्षम्य धरली आहे. म्हणजे ८ टनांच्या वाहनाच्या दोन पावत्यांत ४० किलोपर्यंत फरक पडला, तरी दोन्ही काटे नियमात असू शकतात. फरक याहून बराच अधिक असेल व प्रत्येक खेपेस एकाच बाजूचा येत असेल, तर मात्र गप्प बसू नये.

वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०११ पासून अंमलात आला. त्याखालील नियमांप्रमाणे भुईकाट्याची दर १२ महिन्यांनी फेरपडताळणी करून घ्यावी लागते व तिचे प्रमाणपत्र काट्याच्या जागी लावावे लागते. ते पाहण्याचा ग्राहकास अधिकार आहे. मुदत उलटलेली दिसल्यास वा काट्याविषयी तक्रार असल्यास ती वैध मापनशास्त्र यंत्रणेच्या निरीक्षकाकडे पावत्यांसह लेखी करावी. पावतीवर वाहनाचा क्रमांक, तारीख, वेळ, भरलेले व रिकामे वजन ही सर्व छापलेली आहेत, हे जागच्या जागी पाहून घ्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा विषय सभेत बोलून पटत नाही, प्रत्यक्ष दाखविल्याने पटतो. हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गावात एक प्रात्यक्षिक योजावे. जवळच्या काट्याच्या चालकाशी बोलून वर्दळ नसलेली वेळ ठरवावी. गावातील एक ट्रॅक्टर व एक दोन चाकी ट्रॉली घ्यावी. हौद्यात मोजून भरलेली धान्याची पोती ठेवावीत. प्रथम ती सारखी पसरून तीन तोल घ्यावेत. नंतर तीच पोती पुढे सरकवून पुन्हा तीन तोल घ्यावेत. एकही पोते वाढविले नसताना पुढील चाकांचा आकडा उतरलेला चालकांनी स्वतः पडद्यावर पाहिला, म्हणजे निराळे व्याख्यान द्यावे लागत नाही. सबंध ट्रॉली उलाळ करून मात्र दाखवू नये, ते धोक्याचे आहे.

प्रत्येक ट्रॅक्टरधारकास एक लहान वही ठेवण्यास सांगावे. पहिल्या पानावर ट्रॅक्टरचे मूळ वजन, त्यांपैकी पुढील चाकांवरील भार, त्याच्या पाचव्या हिश्शाचा आकडा आणि रिकाम्या ट्रॉलीचे वजन लिहावे. पुढील पानांवर मालाचा प्रकार, हौद्यातील उंची व तीन तोल अशा नोंदी कराव्यात. ऊस, कांदा, सोयाबीन, शेणखत, गाळ अशा प्रत्येक मालाच्या दोन-दोन खेपा तोलल्या, की कोणता माल कोठपर्यंत भरावा याची खूण हौद्यावर रंगाने करता येते. त्यानंतर प्रत्येक खेपेस काट्यावर जाण्याची गरज राहत नाही.

ही वही चालकाच्या हाती असणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण पुष्कळदा ट्रॅक्टर एकाचा, माल दुसऱ्याचा आणि जीव तिसऱ्याचा असतो. मालधारक आणखी चार मोळ्या टाकण्याचा आग्रह करू लागला, तर चालकास ती वही उघडून आकडा दाखविता येतो. तोंडी नकारापेक्षा लिहिलेल्या आकड्याचे वजन अधिक पडते.

थोडक्यात, पुढील चाके, ट्रॅक्टर व सबंध जोडणी असे तीन तोल घ्यावेत. पुढील चाकांवर ट्रॅक्टरच्या मूळ वजनाचा पाचवा हिस्सा तरी राखावा. दोन चाकी ट्रॉली उलाळ नसावी व हुकावर अतिभारही नसावा. आणि ट्रॅक्टर किती ओढतो यापेक्षा तो किती थांबवू शकतो, यावर खेपेचे माप ठरवावे. या हंगामाची पहिली ट्रॉली भरण्यापूर्वी ट्रॅक्टरचे मूळ वजन तोलून घेतले, म्हणजे कामास योग्य सुरुवात झाली.